जुन्या लॅपटॉपला नवा मेंदू : चला लॅमिंग्टन रोडला!

मुलांनो, सुट्टीत मुंबईला आलात की तुम्ही राणीची बाग बघता, गेटवे बघता, चौपाटीवर भेळ खाता. पण मुंबईत एक रस्ता असा आहे की, जिथे ना बाग, ना झोपाळे, तरीही एकदा गेलात की पाय निघणार नाही. तो म्हणजे लॅमिंग्टन रोड. घरात एखादा जुना, रडतरखडत चालणारा लॅपटॉप असेल तर तोही पिशवीत घ्या. आज आपण त्याच्या निमित्तानंच तिकडे निघालो आहोत.

चर्चगेटहून लोकल पकडा. मरीन लाइन्स, चर्नी रोड आणि मग ग्रँट रोड. पूर्वेला उतरून थोडं चाललं की आलाच आपला रस्ता. दक्षिणेकडे ऑपेरा हाऊस, उत्तरेकडे मुंबई सेंट्रल. रस्त्याचं अधिकृत नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण टॅक्सीवाल्याला विचाराल तर तो लॅमिंग्टन रोडच म्हणेल. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्याआधी ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते. तिकडे चॉकलेट आणि खोबऱ्याचा कीस लावलेला एक केक मिळतो, त्याचंही नाव लॅमिंग्टन! तो याच घराण्याच्या नावावरून पडला असं मानतात. म्हणजे एका साहेबाच्या नावाचा तिकडे केक आणि इकडे कॉम्प्युटरचा बाजार. आहे की नाही गंमत?

तुमच्या आजोबांना विचारलंत तर ते सांगतील की हा सिनेमाचा रस्ता. इथल्या मिनर्व्हा टॉकीजमध्ये १९७५ साली लागलेला ‘शोले’ पाच वर्षांहून अधिक काळ चालला. नाझच्या इमारतीत सिनेमा वितरकांची कचेरी होती. बाबांना विचाराल तर ते म्हणतील, इथे रेडिओचे, टेपरेकॉर्डरचे सुटे भाग मिळायचे. मग टीव्ही आले, मग कॉम्प्युटर. पूर्ण बांधलेला कॉम्प्युटर परवडत नसे, तेव्हा लोक इथे येऊन एकेक भाग घेत आणि ‘असेंबल’ करून नेत. काळ बदलला तसा माल बदलला, पण एक गोष्ट बदलली नाही. जी वस्तू उघडून बघता येते, तिचा सुटा भाग या रस्त्यावर शोधायचा!

पुण्याची तपकीर गल्ली, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, दिल्लीचं नेहरू प्लेस ही सगळी याच गोत्रातली ठिकाणं. तुमच्या जवळ जे असेल तिथे जा. सगळीकडे रीत तीच.

दुकानात शिरताना

दुकान म्हणजे काय, तर कधी कधी जिन्याखालची चार फुटांची जागा. एक टेबल, त्यावर दिवा बसवलेलं भिंग, स्क्रू ड्रायव्हरचा डबा, एक छोटा ब्रश आणि चहाचा ग्लास. मागे फळीवर उघडलेले लॅपटॉप पुस्तकांसारखे उभे लावलेले. तुम्ही आत डोकावलात की प्रश्न येतो, “बोलो, क्या चाहिए?”

तुम्ही म्हणाल, “प्रोसेसर बदलायचाय. लॅपटॉप फार हळू चालतो.”

इथेच तुमची नि दुकानदाराची, दोघांचीही परीक्षा. ज्याला फक्त विकायचं आहे तो लगेच खोकं काढेल. जो जाणकार आहे तो आधी दोन प्रश्न विचारेल. मॉडेल कोणतं? आणि हळू म्हणजे नक्की कधी हळू?

दुसरा प्रश्न महत्त्वाचा, बरं का! डॉक्टरसुद्धा पोट दुखतं म्हटल्यावर लगेच ऑपरेशन करत नाहीत, कुठे दुखतं ते विचारतात. तसंच हे.

लॅपटॉप म्हणजे एक स्वयंपाकघर समजा. हार्ड डिस्क हे धान्याचं कपाट. रॅम हा ओटा. आणि प्रोसेसर म्हणजे प्रत्यक्ष स्वयंपाक करणारे हात. आता लॅपटॉप सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागत असतील, तर हात दोषी नाहीत, कपाट दोषी आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच एक तबकडी फिरत असते, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा, आणि एक सुई त्यावर माहिती शोधत हिंडते. तिच्या जागी एसएसडी बसवली की फिरणारं काही उरतच नाही. माहिती झटकन हातात! दहा खिडक्या उघडल्यावर लॅपटॉप अडखळत असेल, तर ओटा लहान आहे, म्हणजे रॅम वाढवा. या दोन्ही गोष्टी होऊनही एखादं जड काम करताना पंखा घूं घूं करतो आणि काम रेंगाळतं, तेव्हाच समजा की आता हात कमी पडताहेत. म्हणजे प्रोसेसरची पाळी तिसरी. पहिली नव्हे!

हात दोन की चार?

प्रोसेसर म्हणजे सिलिकॉनचा एक चपटा तुकडा, नखापेक्षा जरासा मोठा. १९७१ साली इंटेल कंपनीनं ४००४ नावाचा पहिला मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला, तेव्हा त्यात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. १९९३ साली पेंटियम आला. त्याच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते विनोद धाम मूळ पुण्यात जन्मलेले! आणि २०१२ साली आलेल्या इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या चार गाभ्यांच्या प्रोसेसरमध्ये ट्रान्झिस्टर किती असतील? सुमारे १४० कोटी. जवळपास भारताच्या लोकसंख्येइतके, आणि सगळे एका नखाएवढ्या जागेत!

आता एक उदाहरण घेऊ. लेनोव्हो कंपनीचा थिंकपॅड टी-४३० हा लॅपटॉप २०१२ सालचा. मोठमोठ्या कंपन्यांनी तो कर्मचाऱ्यांना दिला, पुढे वापरून झाल्यावर विकला, आणि असे लॅपटॉप या बाजारात पुष्कळ येऊ लागले. त्यात बऱ्याचदा कोअर आय-५ ३३२०-एम हा प्रोसेसर सापडतो. त्याला गाभे म्हणजे कोअर दोन, आणि मूळ वेग २.६ गिगाहर्ट्‌झ. म्हणजे सेकंदाला २६० कोटी ठोके. त्याच्या जागी बसू शकतो कोअर आय-७ ३६३२-क्यूएम. त्याचा मूळ वेग २.२ गिगाहर्ट्‌झ. “अरे, हा तर कमी!” असं तुम्ही म्हणाल. पण थांबा. याला गाभे चार आहेत.

गणपतीत मोदक करायला दोघी बसल्या आणि चौघी बसल्या, यात फरक पडतो ना? चौघींचे हात प्रत्येकी जरा सावकाश चालले तरी एकवीस मोदक लवकर होतात. पण मोदकपात्राखालचा गॅस पेटवायला चौघी लागत नाहीत. ते काम एकटीचंच. तसंच कॉम्प्युटरचं. जे काम वाटून करता येतं, जसं व्हिडिओ तयार करणं, ते चार गाभ्यांवर झपाट्यानं होतं. जे एकापाठोपाठ एकच करता येतं, त्याला दोन काय नि चार काय, सारखंच. म्हणून बाबांनी नुसतं पत्र टाइप करण्यासाठी प्रोसेसर बदलला, तर पैसे वाया!

आणखी एक आकडा बघायचा, तो उष्णतेचा. हे दोन्ही प्रोसेसर ३५ वॉटचे आहेत. सोल्डरिंगचं साधं यंत्रसुद्धा २५ ते ३५ वॉटचंच असतं, आणि त्यानं शिसं वितळतं! एवढी उष्णता चपट्या पेटीतून बाहेर काढायला तांब्याची नळी आणि छोटा पंखा असतो. ३५ वॉटच्या जागी ४५ वॉटचा प्रोसेसर बसवला तर त्या पंख्याचा जीव मेटाकुटीला येतो. म्हणून नवा पाहुणा घरात आणताना तो किती तापट आहे, हे आधी विचारायचं.

एक बापलेक आणि काळा पडदा

अशाच एका टेबलाशी मी उभा असताना एक बापलेक आले. मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. शेजारच्या फोटो स्टुडिओची लग्नाची, बारशाची चित्रीकरणं ती घरी जोडून द्यायची आणि त्या पैशांतून फीला हातभार लावायची. लॅपटॉप टी-४३०, सेकंडहँड घेतलेला. एसएसडी आणि रॅम आधीच घातलेली. तरी एक लग्न तयार व्हायला रात्र जाई. स्टुडिओवाल्यांनी सांगितलं होतं, काम वेळेत होत नसेल तर दुसऱ्या कुणाला देऊ.

वडील हळूच म्हणाले, “शेठ, नवीन घेणं आत्ता जमणार नाही. यात काही होईल का? पण हाही बंद पडला तर मग काहीच राहणार नाही आमच्याकडे.”

दुरुस्तीवाल्यांनी मॉडेल पाहिलं, मान डोलावली आणि आधी विचारलं, “बेटा, तुझं काम दुसरीकडे ठेवलंयस ना?” मुलीनं पेन ड्राइव्ह दाखवला. मगच त्यांनी बॅटरी काढली. धातूच्या पट्टीला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. कंगवा केसांवर घासल्यावर कागदाचे कपटे उचलतो ना, तीच वीज. तिचा एक चटका प्रोसेसरला पुरेसा असतो.

मग एकेक स्क्रू निघाला. प्रत्येक स्क्रू कागदावर काढलेल्या चित्रावर त्याच्या त्याच्या जागी ठेवला, कारण लांबी वेगवेगळी असते. कीबोर्ड उचलला, खालची पट्टी निघाली, पंखा आणि तांब्याची नळी सुटली. तिच्याखाली वाळून भुगा झालेला करडा लेप. ती थर्मल पेस्ट. धातू आणि प्रोसेसर यांच्यामधल्या बारीक फटी भरून ती उष्णता पुढे पोचवते. ती वाळली की उष्णता अडते. अल्कोहोलच्या बोळ्यानं त्यांनी ती पुसून काढली.

खाली प्रोसेसर होता, आणि त्याच्या कडेला एक छोटा स्क्रू. सपाट स्क्रू ड्रायव्हरनं तो अर्धा वळसा फिरवला आणि प्रोसेसर अलगद वर आला. जोर नाही, ओढाताण नाही. त्याच्या पोटाखाली केसांसारख्या बारीक पिना होत्या. या जातीच्या सॉकेटला ९८८ भोकं असतात! एक पीन वाकली तरी खेळ खलास. नव्या प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात बारीकसा त्रिकोण असतो. तो सॉकेटवरच्या खुणेशी जुळवला की तो आपल्या वजनानंच आत बसतो. दाबायचं नाही. अर्धा वळसा उलट, तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट, पंखा परत जागेवर.

बॅटरी लावली. बटण दाबलं. पंखा फिरला, पण पडदा काळाच.

कुणी काही बोलेना. वडिलांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. मुलगी पडद्याकडे नव्हे, त्या काढलेल्या जुन्या प्रोसेसरकडे बघत होती. “रुको,” दुरुस्तीवाले म्हणाले, “नवीन घरात आलाय. सगळ्यांची ओळख करून घेऊ दे त्याला.” आणि खरंच, बराच वेळ वाटलेल्या काही सेकंदांनी कंपनीचं नाव उजळलं. पहिल्यांदा सुरू होताना यंत्र नव्या प्रोसेसरशी जुळवून घेतं, रॅम तपासतं, म्हणून तो उशीर.

मुलीनं तिथेच एक छोटं चित्रीकरण जोडून पाहिलं. आधी लागायचा त्याच्या निम्म्याहून थोड्याच जास्त वेळात ते झालं. ती काही बोलली नाही. फक्त फोन काढून स्टुडिओला कळवलं, की शनिवारचं लग्न मीच करते.

आणि तो जुना आय-५? दुरुस्तीवाल्यांनी तो ठेवून घेतला आणि बिलातून थोडे पैसे कमी केले. “हा उद्या कुणाच्या तरी आय-३ च्या जागी जाईल,” ते म्हणाले. इथे काही मरत नाही मुलांनो, फक्त घर बदलतं!

बंद होत चाललेलं दार

पण सगळ्याच लॅपटॉपना हे जमत नाही. फुटलेल्या पितळी भांड्याला डाख लावतात, तसे काही प्रोसेसर मदरबोर्डवर सोल्डरनं कायमचे चिकटवलेले असतात. मग तो बदलायचा तर सगळा मदरबोर्डच बदलावा लागतो. ओळखायचं कसं? इंटेलच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या प्रोसेसरांत, म्हणजे साधारण २०११ ते २०१४ या काळात, नावाच्या शेवटी ‘यू’ असेल तर तो चिकटवलेला. शेवटी ‘एम’, ‘क्यूएम’ किंवा ‘एमक्यू’ असेल तर सॉकेटमधला असण्याची शक्यता मोठी. खात्री उघडल्यावरच. आणि पाचव्या पिढीपासून तर इंटेलचे लॅपटॉपमधले प्रोसेसर सरसकट चिकटवलेलेच आहेत.

कंपन्या असं का करतात? त्यांचंही म्हणणं ऐकून घेऊ. सॉकेट काढला की लॅपटॉप पातळ होतो, हलका होतो, बनवायला स्वस्त पडतो. तुम्हांला-आम्हांलाही पातळ लॅपटॉप आवडतोच ना! पण त्या पातळपणाची किंमत आपण नंतर मोजतो. आता पुष्कळ लॅपटॉपमध्ये रॅमही चिकटवलेली असते. एक भाग जुना झाला की अख्खी वस्तू जुनी. ती जाते ई-कचऱ्यात. लॅपटॉप आयुष्यभर जेवढं प्रदूषण करतो, त्यातला मोठा भाग तर तो कारखान्यात बनतानाच झालेला असतो. म्हणजे लवकर टाकला की ते सगळं वाया.

मात्र जगात याला विरोध करणारेही आहेत. अमेरिकेतल्या फ्रेमवर्क नावाच्या कंपनीनं २०२१ साली असा लॅपटॉप आणला की, ज्याचा मदरबोर्ड घरी बसून बदलता येतो. आपल्या केंद्र सरकारनंही डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. वस्तू विकत घेतली की ती दुरुस्त करण्याचाही हक्क आपला, हा त्यामागचा विचार.

एक गोष्ट मात्र प्रोसेसर बदलूनही सुटत नाही, ती आईबाबांनी लक्षात ठेवावी. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. टी-४३० तिथवर पोचत नाही. अशा यंत्रावर उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली घालता येते. ती मराठीतूनही वापरता येते!

निघण्याआधी

तर मुलांनो, जाण्याआधी एवढं करा. लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल आणि प्रोसेसरचं नाव वहीत लिहून घ्या. कंपनीची दुरुस्ती-पुस्तिका मिळते का बघा. थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपची ती मोफत मिळते, आणि कोणता स्क्रू कुठला हे त्यात चित्रासह असतं. आपल्या लॅपटॉपची बायॉस, म्हणजे तो सुरू करणारी मूळ आज्ञावली, नवा प्रोसेसर ओळखते का, हे विचारा. फोटो, प्रकल्प दुसरीकडे साठवा. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला हातही लावू नका, मोठ्यांना सांगा. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय काही उघडू नका. जुना सुटा भाग घेताना तिथेच लावून, चालवून बघा आणि पावती घ्या. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून शनिवार बरा.

आणि पुढे कधी घरात नवा लॅपटॉप घ्यायची वेळ आली, तर रंग, वजन, पडदा सगळं बघा. पण दुकानदाराला एक प्रश्न तुम्ही विचारा, आईबाबा विसरले तरी : “काका, हा उघडता येतो का? यातलं काय काय बदलता येतं?”

काका कदाचित हसतील. म्हणतील, आजवर कुणी हे विचारलं नाही. हरकत नाही. पहिले तुम्ही. दहा मुलांनी विचारलं की काका कंपनीला विचारतील, आणि हजारांनी विचारलं की कंपनीला ऐकावं लागेल. तोवर लॅमिंग्टन रोडवर भिंगाखालचे दिवे चालू आहेत. तुमच्या कपाटात वर ठेवलेला तो जुना लॅपटॉप खाली काढा, धूळ पुसा आणि आधी त्याचं नाव वाचा बघू!